लवादाचा निकाल काकांच्या बाजूनं लागला, रोडटच वावर गेलं. जिल्हा कोर्टात आव्हान देता येते का? (नागपूर)

पांदण_रस्ता (प्रश्न)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे पण घरात आठ दिवसांपासून कोणाला धड झोप नाही म्हणून सगळंच लिहून रायलो, कोणी जाणकार असेल तर सांगा.

कळमेश्वर तालुक्यात आमचं ११ एकर वावर आहे, पणजोबांपासूनचं. आजोबा २०१४ ला गेले, आजी त्यांच्या आधीच गेली होती. सातबाऱ्यावर चौघांची नावं आहेत, मोठे काका, माझे बाबा आणि दोन आत्या. रोड रुंद झाला, लेआउटवाले चकरा मारायला लागले आणि तिथून भावाभावात सुरू झालं. शेवटी मोठ्या काकांनी ५०० च्या स्टॅम्प पेपरवर एक करारनामा केला की आमचा वाटणीचा वाद लवादाकडे देतो, लवाद म्हणून अमुक वकील साहेब आणि त्यांचा निर्णय दोघांवर बंधनकारक राहील. काका आणि बाबा दोघांच्याच सह्या. आत्यांना कोणी विचारलं नाही. हे वकील साहेब काकांच्या ओळखीचे आहेत एवढं बाबांना माहीत होतं, पण काकांच्या कृषी केंद्राच्या केसेस सात-आठ वर्षांपासून तेच चालवतात हे आम्हाला आत्ता समजलं.

दोन बैठका झाल्या, बाबा दोन्हीला गेले. मग नोव्हेंबरमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मी स्वतः वकील साहेबांना व्हॉट्सॲप केला की बाबा ॲडमिट आहेत, दोन-तीन आठवडे द्या, ब्लू टिक पण आली. त्याच दिवसांत ते काकांच्या गाडीत बसून वावर पाहून आले, शेवटची बैठक पण आटोपली, आम्हाला ना फोन ना पत्र. बाजूच्या वावरवाल्यानं सांगितलं तेव्हा कळलं.

अवॉर्डवर, म्हणजे लवादाच्या लेखी निकालावर, तारीख १० जानेवारीची. काकांना रोडकडचं ६ एकर विहिरीसकट, बाबांना मागचं नाल्याकडचं ५ एकर, त्याला पांदण, म्हणजे वावरात जायचा रस्ता, पण दाखवली नाही, म्हणजे बैलबंडी न्यायची तरी काकांच्या धुऱ्यावरून. आत्यांबद्दल एकच ओळ, की त्यांनी भावांच्या हिश्शात समाधान मानलं असं गृहीत धरण्यात येते. १२ जानेवारीला काकांच्या पोरानं अवॉर्डचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकले होते. सहीची प्रत रजिस्टर पोस्टानं १७ फेब्रुवारीला आली. आज २२ एप्रिल. काका म्हणतात तीन महिने १२ एप्रिललाच संपले, आता काहीच करता येत नाही, आणि त्यांनी तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज पण देऊन टाकला.

मुदत खरंच गेली का? आणि जायचं कुठं, जिल्हा कोर्टात की हायकोर्टात? बाबा म्हणतात जाऊ दे, भाऊ आहे. पण रात्री उठून बसतात.

संत्रानगरी_११

भाऊ वाईट वाटलं वाचून पण खरं सांगतो, स्टॅम्पवर सही केली तं काही होत नाही. लवादाचा निकाल म्हणजे शेवटचा, म्हणूनच तं लोक लवाद करतात. तरी हायकोर्टात रिट टाकून पहा एखादी.

सिव्हिल_लाईन्स_वकील

वरच्या भाऊंचं पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे आणि दुसरं पाळलं तर नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो. नागपूरच्या कोर्टात १९ वर्षं झाली, वाटणीचे दावे आणि लवादाची कामं दोन्ही करतो.

आधी मुदत, कारण बाकी सगळं तिच्यावर आहे. लवाद व समेट अधिनियम १९९६ चं कलम ३४ म्हणजे अवॉर्ड रद्द करा म्हणून कोर्टात द्यायचा अर्ज, त्याच्या कलम ३४(३) मध्ये तीन महिने दिलेत ते अवॉर्डच्या तारखेपासून नाही आणि व्हॉट्सॲपच्या फोटोपासून तर नाहीच. कलम ३१(५) म्हणते की लवादानं सही केलेली प्रत प्रत्येक पक्षाला द्यायची, आणि मुदत ती मिळाल्यापासून धरायची. यावर सुप्रीम कोर्टाचा २०११ चा एआरके बिल्डर्सचा निकाल आहे, आपल्या महाराष्ट्र सरकारचीच केस. तिथं कंत्राटदारानं अवॉर्डची झेरॉक्स सरकारी कार्यालयाला दिली होती आणि म्हणत होता की तेव्हापासून मोजा. कोर्टानं नाही म्हटलं. २०१२ च्या बनारसी कृष्णा कमिटीच्या निकालात तर पक्षकाराच्या वकिलाला मिळालेली प्रत पण पुरत नाही, खुद्द पक्षकाराला मिळायला पाहिजे असं सांगितलं. तेव्हा तुमचे तीन महिने १७ फेब्रुवारीपासून, म्हणजे १७ मे पर्यंत. कॅलेंडरचे महिने मोजायचे, ९० दिवस नाही, हे पण २०१० मध्ये ठरलेलं आहे. ते पोस्टाचं पाकीट जपून ठेवा, त्यावरचा शिक्का आणि ट्रॅकिंगचा प्रिंट आजच काढा, पोस्टाच्या साईटवर जुनं ट्रॅकिंग फार दिवस दिसत नाही.

आता धोक्याची गोष्ट. तीन महिन्यांनंतर पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट अजून ३० दिवस देऊ शकते, पण कायद्यात पुढे स्पष्ट लिहिलं आहे की त्यानंतर नाही. इथं उशीर माफ करायचं मुदत कायद्याचं कलम ५ लागत नाही, २००१ च्या पॉप्युलर कन्स्ट्रक्शनच्या निकालापासून हे पक्कं आहे. आणि मे मध्ये कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. तीन महिने सुट्टीत संपले तर कोर्ट उघडल्याच्या दिवशी दाखल करता येते, पण ते वरचे ३० दिवस सुट्टीत संपले तर ही सवलत मिळत नाही, २०१२ मध्ये आसामच्या एका केसमध्ये सांगितलं आणि २०२५ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. माझं स्पष्ट मत आहे, हे सगळं विसरा आणि सुट्टी लागायच्या आधी दाखल करा. दोन आठवडे भरपूर आहेत.

कोर्ट म्हणाल तर नागपूरचं जिल्हा न्यायालय. मुंबईला हायकोर्टात थेट कलम ३४ चा अर्ज होतो कारण तिथं मूळ दिवाणी अधिकार, म्हणजे दिवाणी प्रकरण थेट दाखल करून घ्यायचा अधिकार, आहे, नागपूर खंडपीठाला तो नाही. जिल्हा कोर्टाच्या आदेशावर कलम ३७ चं अपील मात्र खंडपीठात. शेतजमीन आहे, धंद्यासाठी वापरात नाही, त्यामुळे कमर्शियल कोर्टाचा पण प्रश्न येत नाही. रिट वगैरेच्या मागे लागू नका, महिना वाया जाईल.

मुद्दे काय? वाटणी अन्यायाची झाली, रोडटच त्याला दिलं, भाव जास्त आहे, हे सगळं खरं असलं तरी कलम ३४ मध्ये त्यावर कोर्ट जात नाही. पुरावा पुन्हा तोलायला ते अपील नव्हे. तुमचा जीव आहे तो नोव्हेंबरमध्ये. कलम २४(२) वाचा, सुनावणीची आणि मालमत्तेची पाहणी करायला जी बैठक होते तिची पुरेशी आगाऊ नोटीस दोन्ही पक्षांना द्यावीच लागते. तुमचा माणूस दवाखान्यात, तसं लेखी कळवलेलं, आणि लवाद एकट्या काकांच्या गाडीत मौका पाहायला जातो. कलम १८ म्हणते दोघांना समान वागणूक आणि आपली बाजू मांडायची पूर्ण संधी. आणि कलम ३४(२)(अ)(तीन) मध्ये नेमकं हेच कारण आहे, की पक्षकाराला नोटीस नव्हती किंवा तो आपली बाजू मांडू शकला नाही. मी असतो तर अर्जाचं पहिलं पान यावरच लिहिलं असतं. डिस्चार्ज कार्ड, व्हॉट्सॲपचा मेसेज, बाजूच्या वावरवाल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत लावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कोर्ट लवादाच्या रेकॉर्डवरच पाहते, बाहेरचं काही आणायचं तर ते अपवाद म्हणून, त्यामुळे जे आहे ते पहिल्याच दिवशी लागलं पाहिजे. आणि लवादाला आजच लेखी अर्ज देऊन रोजनामा (बैठकींची नोंद) आणि नोटिशींच्या प्रती मागा. दिल्या नाही तर न दिल्याचं पण रेकॉर्ड होते.

अजून एक, नुसतं ३४ दाखल केलं म्हणजे अवॉर्ड थांबत नाही. २०१५ च्या आधी आपोआप थांबत होता. आता कलम ३६(२) खाली स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागते. तो सोबतच द्या. आणि ३४(५) प्रमाणे काकांना आधी नोटीस आणि त्याचं प्रतिज्ञापत्र, ते चुकलं म्हणून अर्ज पडत नाही असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं आहे, पण कशाला चुकवायचं.

संत्रानगरी_११

वकील साहेब रिटचं माझं चुकलं, मान्य. पण एक विचारतो, लवाद काकांच्या ओळखीचा वकील आहे हे तं बाबांना माहीत होतं, वाद सुरू झाल्यावरच सही केली, मग आता कोर्ट म्हणणार नाही का की तुम्हीच मान्य केलं होतं?

सिव्हिल_लाईन्स_वकील

प्रश्न नेमका आहे, काकांचा वकील हाच बोलणार. कलम १२(५) आणि सातवी अनुसूची बघा. जो माणूस एका पक्षाचा सध्याचा वकील किंवा सल्लागार आहे, किंवा त्याच्याशी धंद्याचे संबंध आहेत किंवा होते, तो लवाद होऊच शकत नाही. सूट एकच आहे, वाद उभा राहिल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी आणि स्पष्ट शब्दांत हा आक्षेप सोडला पाहिजे. २०१९ च्या भारत ब्रॉडबँडच्या निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बैठकीला गेले, गप्प बसले, एवढ्यावरून सोडलं असं धरायचं नाही. तुमच्या स्टॅम्प पेपरवर सही वाद झाल्यावरचीच आहे, त्यामुळे ते म्हणतील की सूट दिली. पण त्यात असं लिहिलं आहे का की हे काकांचे वकील आहेत हे माहीत असून आम्ही हरकत सोडतो? नुसतं नाव लिहिलं असेल तर मला ते पुरेसं वाटत नाही. शिवाय कलम १२(१) प्रमाणे लवादानं आपले संबंध स्वतःहून लेखी उघड करायचे असतात, ते केलं का ते रेकॉर्डमध्ये दिसेल. ई-कोर्टच्या साईटवर काकांच्या केसेस शोधा, वकील म्हणून नाव येते, त्याचे प्रिंट काढा. हा मुद्दा चांगला आहे, तरी मी याला दुसऱ्या नंबरवर ठेवीन, पहिला नोव्हेंबरचा.

काटोल_रोड

पांदण भाऊ, तुमच्या बाबांसारखेच आमचे बाबा. जाऊ दे भाऊ आहे, जाऊ दे भाऊ आहे. आमचा संत्र्याचा बगीचा होता, १४० झाडं, बाबांनी हातानं कलमं लावलेली. आमच्यातही असाच लवाद झाला, निकाल उलटा लागला, आणि आम्ही काय केलं तर पाहुणे मंडळींना घेऊन बैठका घेतल्या. एक बैठक मामांकडे, एक गावच्या मारोतीच्या देवळात, एक साखरपुड्यात, दर वेळेस समोरचे म्हणत थांबा ना करू आपण बसून, कोर्टाची पायरी कशाला चढता. आम्ही थांबलो. कोर्टात गेलो तेव्हा तीन महिने आणि वरचे ३० दिवस धरून ४ दिवस जास्त झाले होते. ४ दिवस. जज साहेबांनी आमचे मुद्दे ऐकून घेतले पण म्हणाले मला अधिकारच नाही, माझे हात बांधलेले आहेत. वकिलांनी नंतर सांगितलं की चुकीच्या कोर्टात चांगल्या मनानं लढण्यात वेळ गेला असता तर मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये तो वजा करता आला असता, घरच्या बैठकींचा वेळ वजा होत नाही.

आता त्या बगीच्यात जायचा रस्ता पण आमचा नाही. बाबा गेले मागच्या वर्षी. तुम्ही बोलणी करायची ती करा पण आधी दाखल करा, मग बसा पाहिजे तेवढ्या बैठकांना. दाखल केल्यावर पण तडजोड होते ना, कोण अडवते.

पांदण_रस्ता

काटोल भाऊ, तुमचं लिहिणं बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाही, उठून कपाटातून ते पोस्टाचं पाकीट काढून दिलं. आईनं पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं.

वकील साहेब, खूप आभार. एक मात्र सांगा, आपण जिंकलो तर कोर्ट आम्हाला रोडकडचा अर्धा तुकडा देईल का? बाबांना तेवढंच पाहिजे, आणि विहिरीत हिस्सा.

सिव्हिल_लाईन्स_वकील

नाही देणार, आणि हे तुम्ही आधीच समजून घ्या म्हणजे नंतर मला शिव्या पडणार नाही. कलम ३४ मध्ये कोर्ट अवॉर्ड रद्द करते. २०२१ च्या हकीम निकालानं तर बदल करायला साफ मनाई केली होती. एप्रिल २०२५ मध्ये पाच जजांच्या घटनापीठानं, गायत्री बालसामी केसमध्ये, चार विरुद्ध एक असा निकाल देऊन थोडी वाट उघडली, अवॉर्डचा वेगळा काढता येणारा भाग तोडता येतो, उघड दिसणारी आकडेमोडीची चूक दुरुस्त करता येते वगैरे. पण काकांच्या ६ एकरातून ३ एकर काढून तुमच्याकडे टाकणं, हे त्यात बसत नाही. अवॉर्ड रद्द झाला की तुम्ही करारनाम्याच्या आधी होते तिथं परत येता. चौघांचं सामायिक वावर. त्यानंतर एक तर नवा निष्पक्ष लवाद, नाही तर वाटणीचा दिवाणी दावा. त्यात मोजणी होईल, रस्ता, विहीर सगळं येईल. वेळ लागेल, मी तारीख सांगत नाही, ३४(६) मध्ये एका वर्षात निकाल लावावा असं लिहिलं आहे पण कोर्टातला बोजा तुम्ही पाहताच. मात्र एवढं खरं की आज काकांच्या हातात अवॉर्ड आहे म्हणून ते तुमच्याशी बोलत नाहीत. स्थगिती आली तर बोलतील.

निवृत्त_मंडळ_अधिकारी

फेरफाराचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझी सगळी नोकरी महसुलात गेली. कोर्टाचं चालू राहील पण तलाठ्याकडचं काम उद्याच करा. आपली चावडी या साईटवर गावाचं नाव टाकलं की प्रलंबित फेरफाराची नोटीस दिसते, तुमच्या खसऱ्याची निघाली का पहा. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस असतात, लेखी हरकत द्या, पोच घ्या. हरकत आली की ते प्रकरण वादग्रस्त नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकारी दोघांना बोलावून ऐकल्याशिवाय प्रमाणित करत नाही.

हरकतीत काय लिहायचं? एक तर अवॉर्डला आव्हान देत आहोत. दुसरं, हा अवॉर्ड स्थावर मालमत्तेत हक्क निर्माण करतो, मग तो नोंदणीकृत आहे का? १९२९ पर्यंत नोंदणी कायद्यात अवॉर्डला सूट होती, ती तेव्हाच काढून टाकली. बहुतेक लोक ५०० च्या स्टॅम्पवरचा अवॉर्ड घेऊन थेट आमच्याकडे यायचे, ना मुद्रांक पूर्ण ना नोंदणी. फक्त हे लक्षात ठेवा की कोर्टात हा मुद्दा ३४ मध्ये चालत नाही, सुप्रीम कोर्टानं २००३ च्या अनसूया देवी प्रकरणात सांगितलं की मुद्रांक आणि नोंदणीचं अंमलबजावणीच्या वेळेस पाहू. तलाठ्याकडे मात्र आजच मांडायचा. तिसरं, सातबाऱ्यावर चौघं आहेत, दोघांच्या कागदावर चौघांची जमीन कशी वाटणार?

आणि समजा नोंद झालीच तर घाबरू नका, उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील आहे, आणि फेरफारानं मालकी ठरत नाही. पण एकदा सातबारा काकांच्या एकट्याच्या नावानं निघाला की लेआउटवाला बयाणा घेऊन उभाच असतो, ती खरी भीती.

वर्धेची_लेक

मला आत्यांबद्दल बोलायचं आहे. सगळं वाचलं, रोड, विहीर, नोटीस, मुदत, सगळं खरं. पण ती एक ओळ, समाधान मानलं असं गृहीत धरण्यात येते, ती वाचून मी अडकून बसले. कोणी गृहीत धरलं? माझ्या आईच्या बाबतीत पण असंच झालं होतं, राखीला साडी घेतली म्हणजे हिस्सा सोडला असं धरलं.

हिंदू वारसा कायद्यात २००५ पासून मुलगी जन्मानं सहहिस्सेदार आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं सांगितलं की वडील तेव्हा जिवंत असो की नसो. तोंडी वाटणी झाली होती, बहिणींनी सोडून दिलं होतं असं नुसतं म्हणून चालत नाही, हे पण त्याच निकालात आहे. तुमच्या घरात हिशोब सोपा आहे, चार लेकरं, चार सारखे हिस्से. ११ एकराचे पावणेतीन-पावणेतीन एकर. म्हणजे पांदण भाऊ, राग नका मानू, काकांना दिलेले ६ जसे जास्त तसे तुमच्या बाबांना दिलेले ५ पण जास्तच आहेत. बाबा रोडकडचा अर्धा तुकडा मागत असतील तर तो अर्धा नाही, चौथा आहे.

ज्यांनी करारनाम्यावर सही केली नाही त्यांच्यावर तो अवॉर्ड बंधनकारक नाही, त्यांना त्याच ३ महिन्यांच्या मुदतीत धावायची पण गरज नाही, त्या स्वतंत्र वाटणीचा दावा टाकू शकतात, त्यात विक्रीला मनाई मागू शकतात. वकील साहेब चुकत असेन तर दुरुस्त करा. पण त्यांना आधी कोणी फोन तर करा.

सिव्हिल_लाईन्स_वकील

ताई, तुम्ही बरोबर बोलल्या आणि हे मी आधी लिहायला पाहिजे होतं. कलम ३५ प्रमाणे अवॉर्ड पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवरच बंधनकारक. आत्या दोन्हीत नाहीत. त्यांचा दावा दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे, तिथं तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आणि बाबांच्या ३४ च्या अर्जात पण हा मुद्दा घ्या की चार सहहिस्सेदारांपैकी दोघांना बाहेर ठेवून त्यांचा हिस्सा वाटून टाकला, कलम ३४(२अ) खाली अवॉर्डच्या तोंडावर दिसणारी बेकायदेशीरता. फक्त हा मुद्दा घेताना बाबांनी आत्यांचा हिस्सा मान्य करून घ्यायचा, नाही तर कोर्टाला लगेच दिसते की आपल्या सोयीपुरत्या बहिणी आठवल्या.

पांदण_रस्ता

ताई राग कशाला. खरं तेच लिहिलं तुम्ही. आमच्या घरात पण कोणी म्हटलंच नव्हतं हे, मी पण नाही.

कालचं सांगतो. सकाळी तलाठ्याकडे हरकत दिली, पोच घेतली, नोटीस निघून सहाच दिवस झाले होते म्हणून वेळेत झालं. दुपारी सिव्हिल लाईन्सला एका वकिलांकडे कागद दिले, ३० तारखेपर्यंत अर्ज आणि स्थगितीचा अर्ज दोन्ही दाखल करतो म्हणाले. करारनामा पुन्हा वाचला, लवादाचं नुसतं नाव आणि पत्ता आहे, काकांचा वकील असल्याचं कुठंच नाही. बाजूच्या वावरवाले काका प्रतिज्ञापत्र द्यायला तयार झाले.

संध्याकाळी बाबांनी स्वतः मोठ्या आत्याला फोन लावला, उमरेडला असते ती. बाबा म्हणाले, बाई, तुझे पावणेतीन एकर आहेत त्यात, मी आजपर्यंत बोललो नाही. आत्या बराच वेळ काही बोलली नाही, मग तिनं विचारलं, विहिरीजवळचं चिंचेचं झाड आहे का अजून. आहे, बाबा म्हणाले. ती रविवारी येत आहे, आधार आणि जुना सातबारा घेऊन.